हवाई वाहतुकीचे सिम्युलेशन सिनॅरिओ आणि ते तयार करण्याची साधनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी कंट्रोलर (रडारच्या पडद्यावरून विमानांना सूचना देणारे), संशोधन करणारे विद्यार्थी आणि प्रशिक्षक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी पायाभूत आहेत, पुढचे हळूहळू अवघड होत जातात. फाइल चालत नाही म्हणून घाईत आला असाल, तर सरळ प्रश्न ९ पासून वाचा.

१. सिम्युलेटर आणि सिनॅरिओ यांत फरक काय?

सिम्युलेटर म्हणजे यंत्रणा: विमानं हलवणारं गणित, रडारचा पडदा, आज्ञा स्वीकारणारी व्यवस्था. सिनॅरिओ म्हणजे त्या यंत्रणेला दिलेली गोष्ट. कोणतं विमान कधी, कुठे, किती उंचीवर आणि किती वेगाने दिसणार, ते कुठे चाललं आहे, वारा कसा आहे, कोणती धावपट्टी वापरात आहे, मध्येच काय बिघडणार, हे सगळं सिनॅरिओत येतं.

त्यात आणखी एक भाग असतो आणि नेमका तोच बहुतेक जण लिहीत नाहीत: हा सिनॅरिओ कशासाठी आहे. ‘चढणारं विमान आणि आडवं जाणारं विमान यांच्यातला कॉन्फ्लिक्ट, म्हणजे ती धोकादायक जवळ येण्याची शक्यता, कंट्रोलरला तीन मिनिटं आधी दिसतो का’ हा हेतू झाला. ‘भरपूर ट्रॅफिक’ हा हेतू होत नाही. फाइल उघडण्याआधी हेतूचं एक वाक्य कागदावर लिहा. खालच्या निम्म्याहून जास्त अडचणी ते वाक्य नसल्यामुळे उभ्या राहतात.

२. साधनं खूप आहेत. मी कोणतं घेऊ?

आधी एक ठरवा: पडद्यासमोर माणूस बसणार आहे की नाही?

माणूस बसणार नसेल, म्हणजे दिवसभराची वाहतूक काही मिनिटांत पळवून क्षमता, विलंब किंवा इंधन मोजायचं असेल, तर ते फास्ट-टाइम सिम्युलेशन. टाम, सिममॉड, एअरटॉप आणि रॅम्स प्लस ही या क्षेत्रातली परिचित नावं आहेत. त्यांच्यात सिनॅरिओ म्हणजे मुख्यतः उड्डाणांचं वेळापत्रक, हवाई क्षेत्राची रचना आणि नियमांचा संच. ही व्यावसायिक साधनं आहेत, शिकायलाही वेळ लागतो.

माणूस बसणार असेल तर ते रिअल-टाइम. इथे घड्याळ खऱ्या वेळेने चालतं आणि विमानांच्या बाजूने उत्तर द्यायला स्यूडो-पायलट लागतात. युरोकंट्रोल या युरोपीय संस्थेचा एस्केप आणि नेदरलँड्सच्या एनएलआर संस्थेचा नारसिम हे या प्रकारचे मोठे सिम्युलेटर. घरी बसून ते हाती येत नाहीत.

संशोधनासाठी मी बिनदिक्कत ब्लूस्काय सुचवतो. डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठात तयार झालेला, पायथनमधला हा मुक्तस्रोत सिम्युलेटर फास्ट-टाइम आणि रिअल-टाइम दोन्ही प्रकारे चालतो, आणि त्याचा सिनॅरिओ साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिता येतो. व्हॅटसिमसारख्या हौशी ऑनलाइन उड्डाण-नेटवर्कवर कंट्रोलरचा सराव करायचा असेल तर युरोस्कोप घ्या, त्यात सिम्युलेशन सत्राची स्वतंत्र सोय आहे. काहीही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्ये अप्रोचचा (विमानतळावर उतरायला येणारी विमानं सांभाळण्याचा) सराव हवा असेल तर ओपनस्कोप आहे.

‘सगळ्यांत चांगलं कोणतं’ हे विचारू नका. तुमच्या हेतूच्या वाक्यात ‘कंट्रोलर’ हा शब्द आहे की ‘क्षमता’ हा, ते बघा.

३. मला प्रोग्रामिंग येत नाही. जमेल का?

जमेल. नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये न चुकता ओळी लिहिता येत असतील तर पहिला सिनॅरिओ तयार होतो. प्रोग्रामिंगची गरज पडते ती एकाच सिनॅरिओचे पन्नास प्रकार करायचे असतील तेव्हा (प्रश्न १३) किंवा रेकॉर्ड केलेला डेटा वळवायचा असेल तेव्हा (प्रश्न ५). तेवढ्यासाठी थोडं पायथन पुरतं.

४. सिनॅरिओ फाइल आतून कशी दिसते?

ब्लूस्कायमध्ये प्रत्येक ओळीत आधी वेळ, मग ‘मोठे आहे’ (>) हे चिन्ह आणि मग आज्ञा. विमान निर्माण करण्याची आज्ञा सीआरई. तिच्यापुढे क्रमाने कॉलसाइन (रेडिओवर विमानाला हाक मारायचं नाव), विमानाचा प्रकार, अक्षांश, रेखांश, दिशा, उंची आणि वेग. वेळेच्या जागी शून्य मिनिटं असतील तर विमान सुरुवातीलाच दिसतं, पाच मिनिटं असतील तर पाचव्या मिनिटाला. त्याच पद्धतीने पुढच्या ओळींत उंची बदलणं, गंतव्य देणं, वेपॉइंट (मार्गावरचा नाव दिलेला बिंदू) जोडणं अशा आज्ञा येतात. फाइल म्हणजे वेळेवर बांधलेल्या आज्ञांची यादी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

युरोस्कोपची फाइलही मजकुराचीच असते, पण तिथे एका विमानासाठी अनेक ओळी लागतात: स्थानाची एक, फ्लाइट प्लॅनची एक, मार्गाची एक, सुरू होण्याच्या वेळेची एक. स्थानाच्या ओळीत दिशा थेट अंशांत लिहीत नाहीत, ती सांकेतिक आकड्यात असते. सरळ ९० लिहिलंत तर विमान भलतीकडेच तोंड करून उभं राहतं.

ओपनस्कोप वेगळ्या वाटेने जातं. तिथे एकेक विमान लिहायचं नसतं. विमानतळाच्या जेसन फाइलमध्ये आवकजावकीचे नमुने द्यायचे असतात: विमानं यादृच्छिक यावीत, चक्राप्रमाणे कमीजास्त व्हावीत, लाटेसारखी यावीत की एकदम उसळावीत. सरावासाठी हे छान. ठरावीक क्षणी ठरावीक प्रसंग हवा असेल तर मात्र हे साधन उपयोगाचं नाही.

५. विमानं मनाने रचू की खऱ्या उड्डाणांचा डेटा घेऊ?

एखादं कौशल्य शिकवायचं असेल तर मनाने रचा. वाहतुकीचा पोत खरा हवा असेल, म्हणजे कोणत्या मार्गावर कोणत्या प्रकारची विमानं किती, तर डेटा घ्या. ओपनस्काय नेटवर्क हे स्वयंसेवकांच्या रिसीव्हरवर उभं असलेलं जाळं संशोधनासाठी एडीएस-बी डेटा (विमानं स्वतः प्रसारित करतात ती स्थान, उंची, वेग यांची माहिती) उपलब्ध करून देतं, आणि तो हाताळायला ‘ट्रॅफिक’ नावाची पायथन लायब्ररी आहे.

एडीएस-बीमध्ये विमान कुठे होतं ते कळतं. ते कुठे जायला निघालं होतं, हे कळत नाही. फ्लाइट प्लॅन त्यात नसतो, तो तुम्हाला वेगळा रचावा लागतो. डेटा वापरायच्या अटीही वाचा. संशोधनासाठी दिलेला डेटा विक्रीच्या उत्पादनात घालणं वेगळी गोष्ट आहे.

६. खरी उड्डाणं जशीच्या तशी घातली, पण एकही कॉन्फ्लिक्ट होत नाही. असं का?

कारण कंट्रोलरने आपलं काम त्या दिवशीच करून ठेवलं आहे. रेकॉर्ड झालेला मार्ग म्हणजे सगळे निर्णय झाल्यानंतरचा मार्ग. एखादं विमान १५ अंश वळवलं, दुसऱ्याला आधीच्या पातळीवर थांबवलं, तिसऱ्याचा वेग कमी केला, हे सगळं त्या रेषांत मुरलेलं असतं. हे मला कळलं तेव्हा रेकॉर्ड केलेल्या रेषांकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

उपाय असा: रेकॉर्डमधून फक्त प्रवेशाचा क्षण घ्या, म्हणजे तुमच्या सेक्टरच्या (कंट्रोलरकडे सोपवलेल्या हवाई क्षेत्राच्या तुकड्याच्या) सीमेच्या थोडं बाहेरचं स्थान, उंची, वेग आणि वेळ. तिथून पुढे विमानाला फ्लाइट प्लॅनच्या मार्गावर सोडा. मग जे कॉन्फ्लिक्ट उमटतात, ते त्या दिवशी कंट्रोलरसमोर आलेल्या प्रश्नांच्या बरेच जवळ जातात. सगळे नाही, कारण शेजारच्या सेक्टरनेही विमानं आधीच रांगेत लावून दिलेली असतात. त्यासाठी प्रवेशाच्या वेळा थोड्या मागेपुढे करून बघा.

७. ठरलेल्या क्षणी दोन विमानं एकमेकांच्या वाटेत कशी आणायची?

उलट गणित करा. आधी भेटीचा बिंदू ठरवा, मग भेटीची वेळ, आणि मग प्रत्येक विमान त्या बिंदूपासून मागे ढकला.

समजा, सुरुवातीनंतर दहाव्या मिनिटाला भेट हवी आहे. पहिल्याचा जमिनीसापेक्ष वेग ४५० नॉट, म्हणजे मिनिटाला ७.५ नॉटिकल मैल. ते बिंदूच्या ७५ मैल मागे ठेवा. दुसऱ्याचा वेग ४२० नॉट, म्हणजे मिनिटाला ७ मैल. ते ७० मैल मागे. दोघांची तोंडं बिंदूकडे, उंची एकच. झालं.

पण अगदी नेमक्या बिंदूवर टक्कर देणारा सिनॅरिओ फार काही शिकवत नाही, कारण तो कोणालाही दिसतो. शिकवतो तो काठावरचा. दोन्ही विमानांचा वेग ४५० नॉट आणि मार्ग काटकोनात असतील, तर एकाला बिंदूवर ४५ सेकंद उशिरा आणलं की त्यांच्यातलं किमान अंतर सुमारे ४ मैल होतं. पूर्ण एक मिनिट उशिरा आणलं तर ते सुमारे ५.३ मैल. मार्गावरच्या रडार नियंत्रणात ५ मैलांचं अंतर ही नेहमीची मर्यादा, म्हणजे पंधरा सेकंदांच्या फरकाने ‘हस्तक्षेप हवाच’ आणि ‘नुसतं लक्ष ठेवा’ यांच्यातली रेषा ओलांडली जाते. अशा जोड्या सिनॅरिओत दोन-तीन तरी असाव्यात. त्यांच्यातली एक न हलवता सोडून देणं हेच बरोबर उत्तर असावं.

समोरासमोरचा प्रसंग फार वेगाने घडतो. ४५० नॉटची दोन विमानं मिनिटाला १५ मैलांनी जवळ येतात. ६० मैलांवर दिसली तर ५ मैलांची मर्यादा मोडायला ३ मिनिटं ४० सेकंदच उरतात. आणि एकाच पातळीवर समोरासमोर येणं तसं अनैसर्गिक आहे. नेहमीच्या नियमाने पूर्वेकडे जाणारी विमानं विषम पातळ्यांवर (हजार फुटांत मोजून, जसं ३५ हजार) आणि पश्चिमेकडे जाणारी सम पातळ्यांवर असतात. म्हणून खरा वाटणारा कॉन्फ्लिक्ट हवा असेल तर एकाला दुसऱ्याच्या पातळीतून चढवा किंवा उतरवा.

ब्लूस्कायमध्ये हे हाताने करायची गरज नाही. क्रीकॉन्फ्स ही आज्ञा असलेल्या विमानाशी कॉन्फ्लिक्ट करणारं नवं विमान तयार करते: किती अंशांनी छेद, किती जवळून आणि किती वेळाने, एवढं सांगायचं. तरी पहिले काही प्रसंग कागदावरच रचा. एकदा हाताने मांडल्याशिवाय भूमिती अंगात मुरत नाही.

८. कागदावर बरोबर जुळवलेलं, पण सिम्युलेटरमध्ये विमानं भेटतच नाहीत. चूक कुठे?

बहुतेक वेळा चार जागांपैकी एका जागी.

पहिली, वेगाची जात. फाइलमध्ये विमानाच्या मीटरवर दिसणारा हवाई वेग (इंडिकेटेड किंवा कॅलिब्रेटेड) द्यायचा असतो आणि तुम्ही गणित जमिनीसापेक्ष वेगाने केलेलं असतं. फ्लाइट लेव्हल ३५० वर (म्हणजे ३५,००० फुटांवर) माख ०.७८, ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट, म्हणजे खरा हवाई वेग सुमारे ४५० नॉट, पण कॅलिब्रेटेड वेग जेमतेम २६५ नॉट. त्या जागी ४५० लिहिलंत तर सिम्युलेटर तो आकडा विमानाच्या मर्यादेत आणून बसवतो किंवा अशक्य विमान उडवतो.

दुसरी, वारा. ६० नॉटचा समोरून येणारा वारा ४५० चे ३९० करतो आणि दहा मिनिटांत विमान १० मैल मागे पडतं. वारा चालू करण्याआधी सिनॅरिओ शांत हवेत जुळवा, मग वारा घालून पुन्हा तपासा.

तिसरी, चढण. पातळी २५० वरून ३५० पर्यंत मिनिटाला २,००० फुटांनी चढायला पाच मिनिटं लागतात, १,५०० फुटांनी सहा मिनिटं चाळीस सेकंद. त्या शंभर सेकंदांत ४५० नॉटचं विमान १२.५ मैल पुढे निघून गेलेलं असतं. चढणीचा दर परफॉर्मन्स मॉडेलवर (विमानाची क्षमता ठरवणाऱ्या गणितावर) आणि विमानाच्या वजनावर ठरतो, म्हणून उभा कॉन्फ्लिक्ट कागदावर ठरवू नका. विमान साधनातच चढवून बघा, वेळ टिपा आणि मग दुसरं विमान ठेवा.

चौथी जागा दिशेची. तिच्यासाठी पुढचा प्रश्न.

९. नकाशावरून घेतलेली दिशा दिली, तरी विमान वाट सोडून जातं. का?

नकाशावरच्या हवाई मार्गांच्या दिशा चुंबकीय उत्तरेपासून मोजलेल्या असतात. तुमचं साधन कदाचित भौगोलिक उत्तर धरत असेल. दोन्हींतला फरक जागेनुसार बदलतो, कुठे जवळजवळ शून्य तर कुठे दहा-पंधरा अंशही. एक अंशाची चूक ६० मैलांवर एक मैल बाजूला नेते. दहा अंशांची चूक ७५ मैलांवर साधारण १३ मैल, आणि तिथे तुमच्या कॉन्फ्लिक्टचा मागमूसही उरत नाही.

साधन कोणती उत्तर धरतं ते कागदपत्रांतून बघा, किंवा एक विमान ३६० वर सोडून त्याचं रेखांश बदलतं का ते पाहा. त्याहून चांगलं म्हणजे विमानाला दिशा देण्याऐवजी वेपॉइंट द्या, वाट ते स्वतः काढतं.

१०. स्क्वॉक कोड (विमानातल्या ट्रान्सपाँडर यंत्राने रडारला पाठवायचा चार अंकी ओळख-क्रमांक) टाकला की फाइल नाकारली जाते.

कोडमध्ये ८ किंवा ९ आहे का बघा. ट्रान्सपाँडरचे चारही अंक ० ते ७ यांतलेच असतात, म्हणून एकूण कोड ४,०९६. स्प्रेडशीटमध्ये कोड एकेकाने वाढवत नेले की ही चूक हमखास होते, शिवाय सुरुवातीचं शून्यही गळून पडतं. तो रकाना मजकूर म्हणून ठेवा. ७५००, ७६०० आणि ७७०० मोकळे ठेवा: अपहरण, संपर्क तुटणं आणि आणीबाणी यांच्यासाठी ते राखीव आहेत.

११. साधन विमानाचा प्रकारच ओळखत नाही.

बाजारातलं नाव चालत नाही, आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) दस्तऐवज ८६४३ मधला संकेत लागतो. एअरबस ए३२० निओ म्हणजे ए२०एन, बोइंग ७३७-८०० म्हणजे बी७३८, ७३७ मॅक्स ८ म्हणजे बी३८एम.

संकेत बरोबर असूनही अडलं तर परफॉर्मन्स मॉडेलमध्ये तो प्रकार नसतो. युरोकंट्रोलचं बाडा हे या क्षेत्रातलं प्रमुख मॉडेल, पण त्याला परवाना लागतो. डेल्फ्टमध्येच तयार झालेलं ओपनएपी मुक्त आहे, मात्र त्यात प्रकार कमी आहेत. जवळचा प्रकार वापरायला हरकत नाही, फक्त वेक टर्ब्युलन्सची (विमानामागे उठणाऱ्या भोवऱ्यांची) श्रेणी तीच असू द्या. १,३६,००० किलो किंवा त्याहून जास्त कमाल उड्डाण वजनाचं विमान हेवी धरलं जातं, आणि हेवीच्या मागे मीडियम असेल तर अप्रोचवर ५ मैल ठेवावे लागतात. हेवीच्या जागी मीडियम बसवलंत तर अख्ख्या रांगेची लय बदलते.

१२. रेकॉर्ड केलेल्या डेटातली विमानं उतरताना धावपट्टीच्या खालून जाताना दिसतात!

डेटा खराब नाही. एडीएस-बीमधली नेहमीची उंची दाबावरून काढलेली असते आणि ती १०१३.२५ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबाला धरून असते. त्या दिवशी समुद्रसपाटीचा दाब १०२३ असेल, तर ही उंची खऱ्यापेक्षा सुमारे २७० फुटांनी कमी येते आणि समुद्रकाठच्या धावपट्टीवर टेकलेलं विमान जमिनीखाली दिसतं. दाब कमी असेल त्या दिवशी उलट होतं: विमान धावपट्टीवर येऊनही हवेत तरंगतं.

ट्रान्झिशन लेव्हलच्या (जिच्या खाली स्थानिक दाब धरतात त्या पातळीच्या) खाली त्या वेळेचा क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला धरून सांगितलेला स्थानिक दाब, घेऊन दुरुस्ती करा, दर हेक्टोपास्कलला साधारण २७ फूट. वरच्या पातळ्यांना हात लावू नका, तिथे सगळेच प्रमाण दाबावर उडतात.

१३. एकच सिनॅरिओ दोनदा चालवला, निकाल वेगळे आले. आणि उलट, विद्यार्थ्यांना सिनॅरिओ पाठ झाला तर?

दोन्हींचं मूळ यादृच्छिकतेत आहे. साधन वाऱ्यात, वजनात किंवा येण्याच्या वेळेत यादृच्छिक फरक घालत असेल, तर सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) ठरवून द्या. ब्लूस्कायमध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा आहे. माणूस पडद्यासमोर असेल तर निकाल तंतोतंत जुळण्याची अपेक्षाच ठेवू नका. एक सूचना दहा सेकंद उशिरा दिली की पुढचं सगळं बदलतं.

पाठ होऊ नये म्हणून भूमिती तीच ठेवून बाकीचं बदला: कॉलसाइन, विमानांचे प्रकार, प्रवेशाच्या बाजू, कॉन्फ्लिक्टचं मिनिट. हेतू तोच राहिला पाहिजे. कॉलसाइन बदलताना दोन सारखी वाटणारी एकाच सेक्टरमध्ये चुकून आली, तर सिनॅरिओ नकळत अवघड होतो. मुद्दाम आणायची असतील तर तशी नोंद करा.

१४. किती विमानं घालावीत?

आकडा सांगणार नाही, कारण तो सेक्टरवर अवलंबून आहे. सरळ जाणारी वीस विमानं हलकी आणि चढउतार करणारी आठ जड असू शकतात. सुरुवातीची काही मिनिटं मोकळी ठेवा, म्हणजे कंट्रोलरला चित्र मनात बसवता येईल. मग भार चढू द्या, शिखर एकदाच येऊ द्या, आणि शेवटी उतरू द्या. पहिल्याच सेकंदाला पंधरा विमानं पडद्यावर आली तर तुम्ही नियंत्रण तपासत नाही, स्मरणशक्ती तपासता.

१५. आणीबाणी कशी घालू? वेळेवर बांधू की प्रसंगावर?

शक्य असेल तिथे प्रसंगावर. ‘बाराव्या मिनिटाला इंजिन बंद’ असं बांधलंत आणि कंट्रोलरने त्या विमानाला आधीच खाली आणलं असेल, तर आणीबाणी निरर्थक जागी घडते. ‘हे विमान पातळी १८० ओलांडून चढलं की’ अशी अट देता येत असेल तर ती द्या. साधनाला ते जमत नसेल तर स्यूडो-पायलटच्या हातात छापील सूचना ठेवा: कधी, काय बोलायचं, काय मागायचं. माणसाने वेळ साधलेली आणीबाणी फाइलमधल्या आणीबाणीपेक्षा नेहमी जास्त खरी वाटते. एका सत्रात एकच आणीबाणी पुरे.

१६. मागच्या वर्षी चालणारी फाइल आता वेपॉइंट सापडत नाही म्हणते.

हवाई क्षेत्राची माहिती आयरॅक चक्राने दर २८ दिवसांनी बदलते. वेपॉइंटची नावं जातात, मार्ग सरकतात, धावपट्ट्यांचे क्रमांकही बदलतात. प्रत्येक सिनॅरिओच्या वर त्याचं चक्र लिहा आणि तोच डेटा फाइलसोबत जपून ठेवा. जुना सिनॅरिओ नव्या डेटावर न्यायचा असेल तर प्रश्न ७ मधलं गणित पुन्हा तपासा, कारण बिंदू दोन मैल सरकला तरी काठावरची जोडी काठावर राहत नाही.

१७. एका साधनातला सिनॅरिओ दुसऱ्यात नेता येतो का?

थेट नाही. हवाई क्षेत्रासाठी एआयएक्सएम आणि उड्डाणांच्या माहितीसाठी एफआयएक्सएम ही सामायिक रूपं आहेत, पण अख्ख्या सिनॅरिओचं सगळ्यांनी मानलेलं एक रूप नाही. मी मूळ सिनॅरिओ स्प्रेडशीटमध्ये ठेवतो: एका ओळीत एक विमान, वेळा यूटीसीत, अक्षांश-रेखांश दशांशात, शेवटच्या रकान्यात ‘हे विमान इथे का आहे’. त्यावरून प्रत्येक साधनाची फाइल छोट्या प्रोग्रामने काढतो. शेवटचा रकाना कोणत्याच साधनाला लागत नाही, पण दोन वर्षांनी फाइल उघडल्यावर सगळ्यांत आधी तोच वाचला जातो.

१८. घरी केलेला सिनॅरिओ अधिकृत प्रशिक्षणात चालेल का?

तसाच नाही. परवान्यासाठीचं प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेत, मान्य अभ्यासक्रमावर आणि त्या देशाच्या नियामकाने स्वीकारलेल्या सिम्युलेटरवर होतं. कार्यपद्धतींसाठी आयकाओचा दस्तऐवज ४४४४ आणि कंट्रोलरच्या क्षमताधारित प्रशिक्षणासाठी दस्तऐवज १००५६ हे आधार आहेत. सिनॅरिओ दाखवायचाच असेल तर फाइलबरोबर हेतू, अपेक्षित उत्तरं आणि मूल्यमापनाचे निकष जोडा. फाइल त्यांना त्यांच्या यंत्रणेत नव्याने लिहावी लागेल, पण जोडलेले ते कागद तसेच वापरता येतील.